आवाज तोंडानं काढून दाखवा

पोखरी घाटात डाव्या हाताला कातळ लागतो, तिथे तो आवाज पहिल्यांदा ऐकला. डिंभ्याचं धरण मागे पडलं होतं, भीमाशंकरच्या रस्त्यानं आम्ही तळेघरकडे चढत होतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, काचा खाली, शेजारी आई. इंजिनाच्या नेहमीच्या घरघरीखाली आणखी काहीतरी वाजत होतं. वळण संपलं, कातळ सरला, बाजूला उघडी दरी आली की आवाज नाहीसा व्हायचा. पुढच्या वळणावर कातळ आला की पुन्हा सुरू. वर सपाटीला लागल्यावर तो गेलाच. मी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं आणि जागेवरच रेस देऊन पाहिली. इंजिन अगदी शहाण्यासारखं चालत होतं.

गाडी घेऊन चार दिवस झाले होते. आठ वर्षं जुनी, चार सिलिंडरची डिझेल, एमएच-१४ पासिंग. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. आमच्या भागात जुनी गाडी ही हौसेची वस्तू नसते. घोडेगाव, मंचर, नारायणगाव, जुन्नर, ओतूर या पट्ट्यात टोमॅटोला किंवा कांद्याला एखाद्या वर्षी बरा भाव मिळाला की घरात गाडी येते, आणि ती बहुधा कुणाच्या तरी हातची असते. दवाखाना, बाजार, लग्नकार्य, सगळं तिच्यावर चालतं. अशी गाडी रात्री साडेदहाला उसाच्या कडेला बंद पडली तर माणूस आधी बिबट्याचा विचार करतो आणि मग इंजिनाचा. पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांकडे गेलात तर मोबाइलची रेंजही सगळीकडे मिळत नाही. म्हणून इथं इंजिनाचा आवाज कुणी हसण्यावारी नेत नाही.

परत येताना डिंभ्याच्या पाण्याकडे बघत आई म्हणाली, "मघाशी स्टोव्हसारखा आवाज येत होता." मी "हो" म्हटलं आणि पुढे गेले. त्या वाक्याची किंमत मला पुढे तीन आठवड्यांनी कळली.

गाडी घेतली तेव्हा मी काय तपासलं होतं, हे इथं लिहून ठेवते, कारण माझी चूक तिथेच झाली. आरसी बघितली, विमा बघितला, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद बघितली, नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सह्या करून घेतले. कागद सगळे चोख होते. विक्रेत्यानं गाडी सुरू करून दिली, मी गावाबाहेर दोन किलोमीटर सपाट रस्त्यावर फिरवून आणली. पण मी पोचायच्या आधीच गाडी सुरू करून गरम केलेली होती. हात लावून बघितला असता तर बॉनेट कोमट लागलं असतं. जुन्या गाडीचे कितीतरी आवाज फक्त थंड इंजिनाला, सकाळच्या पहिल्या सेल्फला ऐकू येतात. पिस्टन आणि बोअर यांच्यातली फट थंडीत मोठी असते, गरम झाल्यावर पिस्टन फुगतो आणि ठोका विरतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डला बारीक चीर असेल तर ती थंडीत टिकटिकते, लोखंड तापलं की मिटते. तेलाचा दाब वर पोचेपर्यंत टायमिंग चेन पहिले दोन-तीन सेकंद खडखडते. हे सगळं गरम गाडीत लपतं. जाडसर तेल टाकूनही बेरिंगचा आवाज काही दिवस दाबता येतो. तेव्हा कुणाची गाडी बघायला जाणार असाल तर आधी कळवा, "मी येईपर्यंत सुरू करू नका," आणि पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर तळहात ठेवा. दुसरं काम, गाडीला चढावर न्या.

घाटातल्या त्या आवाजानंतर मी तीन गॅरेज केली. तिन्ही ठिकाणची माणसं कामसू होती, कुणीही मला मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही.

पहिल्या गॅरेजात बॉनेट उघडून, रेस देऊन सांगितलं, "टॅपेट वाजतायत, जरा जड तेल टाकू." तेल बदललं. आवाज तसाच. नंतर कळलं की या इंजिनात टॅपेटची फट तेलाच्या दाबावर आपोआप जुळते, आणि जड तेलानं ती यंत्रणा उलट सुस्त होते. दुसऱ्या गॅरेजात निदान मोठं होतं. चेन गेली, चेन किट, सगळे गाइड, टेन्शनर, आणि इंजिन खाली घेतलंच आहे तर क्लचप्लेटही बदलून टाकू. आकडा ऐकून मी गाडी घेऊन बाहेर पडले. तिसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावला. दहा मिनिटं पडद्याकडे बघून मुलगा म्हणाला, "एकही कोड नाही मॅडम. गाडी ओके आहे."

स्कॅनरबद्दल थोडं सांगायला हवं. स्कॅनर इंजिनाला कान लावत नाही. तो संगणकाला विचारतो, आणि संगणक फक्त सेन्सरला विचारतो. पाण्याचं तापमान, हवेचं प्रमाण, रेलमधला दाब, क्रँकची स्थिती, एवढंच त्याला कळतं. एखादा पट्टा चिरकतोय, सायलेन्सरवरचा पत्रा सुटलाय, इंजिनाचं फाउंडेशन म्हणजे खालचं रबर फाटलंय, हे सांगणारा सेन्सर तिथे नसतो. कोड नाही म्हणजे दोष नाही, असं समजणं म्हणजे पेशंटला ताप नाही म्हणून घरी पाठवण्यासारखं आहे. स्कॅनर वाईट नाही. त्याला जे विचारता येत नाही, तेही त्यालाच विचारलं जातं, ही अडचण आहे.

आणखी एक गोष्ट मला तिन्ही ठिकाणी जाणवली आणि तिच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. आपण गॅरेजात ऐकण्याचे पैसे देत नाही. पार्ट बदलला की पार्टचे पैसे देतो, मजुरीवर घासाघीस करतो, आणि "नुसतं बघितलं" त्याचे काही द्यायचे असतात हे आपल्या मनातही येत नाही. ज्याला अर्धा दिवस कान लावून बसायचे पैसे मिळणार नाहीत, तो माणूस पाच मिनिटांत अंदाज बांधणार आणि पार्ट बदलणार. अंदाज चुकला तर दुसरा पार्ट. हा सौदा गिऱ्हाइकांनी, म्हणजे आपणच, ठरवून दिलेला आहे.

नारायणगावहून खोडदकडे जाणाऱ्या रस्त्याला एक पत्र्याची शेड आहे. तिथल्या मेस्त्रींचं नाव देत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलं. साठी उलटलेली, डाव्या हाताचं एक नख कायमचं काळं. वडील विहिरींवरची ऑईल इंजिनं दुरुस्त करायचे. १९४६ साली पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सच्या यंत्रांनी या भागातल्या कित्येक विहिरी उपसल्या. गावात वीज पोचली नव्हती तोवर रात्री ओसरीवर पडल्या पडल्या माणसं सांगायची, कुणाच्या मळ्यातलं इंजिन चालू आहे आणि कुणाचं आज नीट मारत नाहीये. एका सिलिंडरचं, संथ फेऱ्यांचं इंजिन ते. प्रत्येक ठोका सुटा, मोजता येण्याजोगा. मेस्त्रींचा कान तिथे तयार झाला. पुढे आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोर आल्या, माळशेज उतरून मुंबईला भाजी नेऊ लागल्या, आणि त्या त्यांच्या हाताखालून गेल्या.

पण त्यांची खरी परीक्षा तमाशाच्या गाड्यांनी घेतली. नारायणगाव हे तमाशा कलावंत विठाबाईंचं गाव. यात्रांच्या हंगामात इथं फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे लोक सुपाऱ्या द्यायला येतात. फडाचा ट्रक म्हणजे स्टेज, तंबू, जनरेटर, पेट्या आणि चाळीस-पन्नास माणसांचं पोट. आज या गावची जत्रा, उद्या दुसऱ्या. "इंजिन खोलायला वेळच नसायचा ताई," मेस्त्री म्हणाले. "रात्री एकला गाडी यायची आन् पहाटे पाचला पुढच्या गावाला निघायची. खोलून बघू म्हणणारा मेस्त्री फडवाल्याला परवडायचा नाय. न खोलता सांगावं लागायचं."

मी गाडी लावली, सांगू लागले, "काहीतरी आवाज येतो..." त्यांनी हात वर करून थांबवलं.

"काहीतरी नको. तोंडानं काढून दाखवा."

शेडमध्ये दोन पोरं होती, एक टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप उभी होती, तिचा मालक चहा पीत होता. मी थोडी अवघडले. मग "टक टक टक टक" केलं. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मग मागच्या सीटवर बसलेल्या आईकडे वळून विचारलं, "मावशी, तुम्ही पण होता ना गाडीत? तुम्ही काढा."

आईनं क्षणभर विचार केला आणि ओठ अर्धवट मिटून काढलं, "भस्-भस्-भस्-भस्." वर म्हणाली, "स्टोव्हचा वायसर गेल्यावर पंप मारताना कसं भसकायचं, तसं. आणि घासलेट जळाल्यासारखा वास पण येतो. हिला सांगितलं तर म्हणते गाडी जुनी आहे."

मेस्त्रींनी हातातला पान्हा खाली ठेवला.

आपल्या भाषेनं आवाजांची किती बारीक वाटणी करून ठेवली आहे, ते त्या दुपारी मी नव्यानं ऐकलं. मेस्त्री सांगत गेले आणि मी वहीत उतरवत गेले. टकटक म्हणजे हलकं लोखंड लोखंडावर, वरच्या अंगाला, टॅपेट किंवा इंजेक्टर. ठकठक म्हणजे तेच पण वजनदार, खालच्या अंगाला, बेरिंग किंवा कनेक्टिंग रॉड, आणि ते ऐकू आलं की गाडी तिथेच बंद करायची, घरापर्यंत नेऊ म्हणायचं नाही. खडखड म्हणजे काहीतरी सुटलेलं, त्याला ताल नसतो. सायलेन्सरवरचा पत्रा, इंजिनाखालचं कव्हर. चिरचिर म्हणजे पट्टा. घरघर म्हणजे बॉल बेरिंग, मग ते अल्टरनेटरचं असो की वॉटर पंपाचं. क्लच दाबल्यावर घरघर बदलली तर रिलीज बेरिंग किंवा गिअरबॉक्स बघायचा. शीळ म्हणजे टर्बो किंवा फाटलेला हवेचा पाइप. फसफस, भसभस म्हणजे दाब कुठून तरी पळतोय. ट आणि ठ मधला फरक म्हणजे लोखंडाच्या वजनातला फरक, आणि तो आपल्याकडचं शेंबडं पोरही ओळखतं. मी 'टक' म्हटलं तेव्हा मी लोखंड शोधायला पाठवलं होतं. आईनं 'भस' म्हटलं आणि हवा शोधायला पाठवलं.

मग प्रश्न सुरू झाले आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न 'कधी' या शब्दानं सुरू होत होता. सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारल्यावर येतो का? गरम झाल्यावर कमी होतो का वाढतो? चढावर येतो की उतारावर? पाय सोडला की लगेच जातो का हळूहळू? गाडी वळवताना? एसी लावल्यावर? वास कधी येतो, चालताना की उभी असताना? मी उत्तरं देत गेले तशा शक्यता गळत गेल्या. उतारावर नाही, सपाटीला नाही, चढावर ओझं पडल्यावरच, आणि पाय सोडला की तत्क्षणी गप्प. वास सिग्नलला किंवा टोलनाक्यावर उभं असताना. थंड-गरमचा विशेष फरक नाही.

गाडी रात्रभर तिथेच ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पोचले तेव्हा त्यांनी पहिला सेल्फ मारायचा ठेवला होता. बॉनेट गार. सुरू केली. खडखड नाही. "चेन तुमची चांगली हाय," ते म्हणाले. दुसऱ्या गॅरेजचा तो मोठा आकडा तिथेच पुसला गेला.

मग पट्टा काढला आणि पट्ट्याशिवाय इंजिन अर्धा मिनिट चालवलं. वॉटर पंप, अल्टरनेटर, एसी, सगळे एका झटक्यात संशयातून बाहेर. क्लच दाबून-सोडून पाहिला. गिअरबॉक्स बाहेर. मग त्यांनी मला शेजारी बसवून गाडी काढली आणि रस्त्याकडेच्या एका लांबलचक कंपाउंडच्या भिंतीला घासून जावी इतक्या जवळून नेली. तिसऱ्या गिअरमध्ये, वेग कमी, आणि पाय पूर्ण दाबलेला. इंजिनावर घाटासारखंच ओझं. माझ्या बाजूची काच खाली होती. आणि तो आला. भिंतीवर आपटून परत येणारा, पोखरी घाटातला तोच आवाज. कातळ हा आरसा होता, एवढं साधं मला तीन आठवडे सुचलं नव्हतं. गॅरेजात उभ्या गाडीला रेस दिली तर इंजिनावर ओझंच नसतं, म्हणून तिन्ही ठिकाणी तो नीट ऐकूच आला नव्हता.

पहिल्या गॅरेजवाल्यानं टॅपेट का म्हटलं, हेही मला आता समजतं. थोडं गणित करू. इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं, म्हणजे क्रँक सेकंदाला तेराहून थोडे जास्त फेरे. कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे साडेसहाच्या आसपास. टॅपेटचा आवाज कॅमच्या तालात येतो. पण चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं तेही दोन फेऱ्यांत एकदाच, सेकंदाला साडेसहा वेळाच. म्हणजे एकाच सिलिंडरमधून गॅस पळत असेल तर त्याचा ताल हुबेहूब टॅपेटचा. त्या माणसानं ताल बरोबर ओळखला होता. जात ओळखायला ओझं हवं होतं, ते त्यानं घातलं नाही.

शेडमध्ये परत आल्यावर मेस्त्रींनी लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. टोक इंजिनावर, मूठ कानापुढच्या हाडावर. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरनं एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणं संकोचाचं वाटलं म्हणून कागदाची सुरळी करून ऐकलं आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. गॅरेजातला स्क्रू ड्रायव्हर त्याच घराण्यातला. त्यांनी तो माझ्या हातात दिला. पहिल्या सिलिंडरच्या डोक्यावर टेकवला तर इंजेक्टरची बारीक, स्वच्छ टिकटिक. दुसऱ्यावर तीच. तिसऱ्यावर टिकटिक होती पण तिच्या पाठीमागे काहीतरी फाटकं, श्वास सुटल्यासारखं. चौथ्यावर पुन्हा स्वच्छ. कान हटवला की सगळं एकमेकांत मिसळून जायचं.

शेडच्या दारातून खोडदच्या दिशेला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची एक पांढरी थाळी दिसते. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० थाळ्या या परिसरात आहेत. १४ खोडदजवळ एका ठिकाणी दाट, बाकीच्या तीन बाहूंवर पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानं ही दुर्बीण उभारली. जागा निवडली ती इथं माणसांनी केलेला रेडिओ गोंगाट कमी होता आणि भोवतीच्या डोंगरांचा आडोसा होता म्हणूनही. लहानपणी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळेतून आम्हाला तिथे नेलं होतं. पेट्रोल गाडीचा प्रत्येक स्पार्क हाही एक बारीकसा रेडिओ प्रक्षेपक असतो, तो दुर्बिणीला टोचतो, हे तेव्हा ऐकून नवल वाटलं होतं. डिझेलला स्पार्कच नसतो. आकाशातला खरा संदेश ओळखायची तिथली एक रीत अशी, की एकच लाट प्रत्येक थाळीला ठरावीक उशिरानं पोचते. जवळच्या विजेच्या तारेची चरचर तसा हिशेब पाळत नाही. एका जागी ऐकून कळत नाही, अनेक जागी ऐकून ताळा घ्यावा लागतो. मेस्त्री स्क्रू ड्रायव्हर चार ठिकाणी टेकवत होते तेव्हा दारातून दिसणाऱ्या त्या थाळीकडे माझं लक्ष सारखं जात होतं.

पुढची पायरी जुन्या काळी सोपी होती. इंजेक्टरच्या पाइपाचं नट जरा ढिलं करायचं, त्या सिलिंडरला डिझेल जायचं बंद व्हायचं, आवाज बदलला तर सिलिंडर सापडला. आजच्या कॉमन रेल इंजिनात हे कधीही करायचं नाही. पाइपात १६०० बारपर्यंत दाब असतो. आपल्या टायरमध्ये जेमतेम सव्वादोन बार हवा असते, त्यावरून कल्पना करा. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, बाहेर टोचल्याएवढीच खूण दिसते, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जातं. मेस्त्रींनी दोन्ही पोरांना जवळ बोलावून हे पुन्हा एकदा सांगितलं, माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. मग गाडी बंद केली, तिसऱ्या इंजेक्टरचं विजेचं कनेक्टर काढलं आणि पुन्हा सुरू केली. चालू इंजिनात ते काढायचं नाही, कारण इंजेक्टरला बॅटरीच्या बारा व्होल्टच्या कितीतरी पट झटका दिलेला असतो.

इंजिन तीन पायांवर चालल्यासारखं हलू लागलं. आवाज मऊ झाला, पण गेला नाही.

"बेरिंगचा ठोका असता तर जवळजवळ मेला असता," ते म्हणाले. "डिझेल बंद केलं म्हणजे पेटायचं बंद झालं. पण पिस्टन हवा दाबतोच हाय. ती हवा अजून पळतीय."

वरचं प्लॅस्टिकचं कव्हर आणि खालचा फोम काढला. तिसऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा, चकचकीत थर बसला होता. बाकी तिघांची बुडं कोरडी. त्यांनी चमच्यानं थोडं डिझेल त्या बुडाशी ओतलं. कनेक्टर लावून पुन्हा सुरू केली आणि आम्ही चौघं वाकून बघत राहिलो. त्या काळ्या डबक्यात बुडबुडे येत होते. एक, एक, एक, तालात. साबणाच्या पाण्यात ट्यूबचं पंक्चर शोधतात तसे.

इंजेक्टर जिथे सिलिंडर हेडमध्ये बसतो तिथे त्याच्या टोकाशी तांब्याची एक चकती असते, नखाएवढी. आत डिझेल पेटतं तेव्हा दाब शंभर बारच्या वर जातो, आणि तो दाब आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये ही चकती. तांबं मऊ असतं म्हणूनच ते वापरतात. बोल्ट आवळला की ते दबून खालच्या बारीक खाचा भरून काढतं. पण एकदाच. दबलेलं तांबं कडक होतं, पुन्हा तसंच बसवलं तर नीट दबत नाही. आधीच्या मालकाच्या हातात असताना कुणीतरी हा इंजेक्टर काढला होता आणि जुनीच चकती परत लावली होती. सपाटीला दाब कमी, चकती कशीबशी धरून ठेवायची. चढावर दाब वाढला की प्रत्येक स्फोटातला थोडा गॅस तिच्या कडेनं बाहेर यायचा. त्याची काजळी साठून डांबर झालं. आणि गाडी उभी असताना तोच धूर काचेखालच्या जाळीतून एसीच्या वाटेनं आत शिरायचा. आईला येत होता तो वास हाच. बंद गाडीत हा धूर तासन्तास हुंगणं नुसतं त्रासाचं नाही, धोक्याचं आहे.

सापडायला अर्धा दिवस लागला, काढायला दीड. काजळीनं इंजेक्टर हेडमध्ये चिकटून बसला होता. जोर लावला आणि टोक तुटलं तर हेड उतरवावं लागणार, म्हणजे दुसऱ्या गॅरेजच्या आकड्याच्या जवळ जाणार. त्यांनी घाई केली नाही. भोवती गंज सोडवणारं तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं, सकाळी इंजिन थोडं गरम केलं, पुन्हा तेल. मग इंजेक्टरला डावी-उजवीकडे केसभर, केसभर. पोरगं एकदा म्हणालं, "मेस्त्री, एक ठोका देऊ का?" त्यावर त्यांनी फक्त बघितलं. दुपारी तीनच्या सुमाराला तो 'टप्' करून सुटला.

चकती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. तीन बाजूंनी तांब्याचा रंग शाबूत, आणि एका बाजूला कडेपर्यंत खाल्लेली काळी खोबण, सुईच्या टोकाएवढी रुंद. घाटात ऐकू येणारा सगळा आवाज त्या खोबणीतून येत होता.

बसायची जागा हातानं फिरवायच्या कटरनं साफ केली. कटर घालायच्या आधी त्याच्या दातांना ग्रीस लावलं, कचरा आत न पडता ग्रीसला चिकटून वर यावा म्हणून. नवी चकती, नवा बोल्ट, आणि आवळताना अंदाज नाही, टॉर्क रेंच. सगळ्या कामात हातानं अंदाजानं केलेली एकही गोष्ट नव्हती, याची मी मुद्दाम नोंद करते. 'जुना मेस्त्री' म्हटलं की आपण अंदाजपंचेची कल्पना करतो. प्रत्यक्षात अंदाज बांधणारे दुसरेच होते. मेस्त्रींच्या पुतण्यानं शेवटी स्कॅनर लावून कनेक्टर काढल्याचा कोड पुसला. त्या शेडमध्येही स्कॅनर आहे. तो शेवटी निघतो.

चकतीची किंमत दोन चहा आणि एक वडापाव यापेक्षा जास्त नव्हती. बिलात बोल्ट, चकती, मजुरी एवढंच लिहिलं होतं. मी विचारलं, "ऐकायचे किती?" त्यांना प्रश्न कळला नाही असं आधी वाटलं. मग म्हणाले, "त्याचं कसलं लिहिणार ताई, कुणी देत नाय." मी आकडा माझ्या मनानं वाढवून दिला. ते नको म्हणाले, मी ठेवून आले. दोन्ही पोरांपैकी एक आयटीआय झालेला आहे आणि पुढच्या वर्षी चाकणला कंपनीत जाणार आहे. दुसरा राहीन म्हणतो. विहिरीवरच्या इंजिनापासून या शेडपर्यंत आलेला कान पुढे जायचा असेल तर त्याला कोणीतरी पगार द्यायला हवा, आणि तो पगार बिलात एका ओळीनं लिहिला जायला हवा. मी ज्यांना ज्यांना ही हकिकत सांगते त्यांना हे आग्रहानं सांगते.

पुढच्या रविवारी पुन्हा भीमाशंकरचा रस्ता धरला. शिनोली गेलं, डिंभे गेलं. बाजूला पाणी होतं. जुनं आंबेगाव त्या पाण्याखाली आहे, आणि आई दर वेळी तिथे हात जोडते, तसे जोडले. पोखरी घाटात दुसरा गिअर टाकला, काचा खाली केल्या. कातळ आला. टायरांचा आवाज, इंजिनाची घरघर, झाडीतून एक कोतवाल ओरडला तो. कातळ गेला, दरी आली, काहीच बदललं नाही. मी पुढच्या वळणावरही ऐकलं, त्याच्या पुढच्याही.

आईला सांगायला वळले तर ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती. घासलेटचा वास येतोय म्हणून गाडीत डोळा लागत नाही, असं ती महिनाभर म्हणत होती. तळेघर येईपर्यंत मी तिला उठवलं नाही.